वृद्धांची अट

२०१२ साली युरोपीय संघाने आपल्या नागरिकांना यंत्रमानवांबद्दल काय वाटतं हे विचारलं. दहापैकी सात जणांचं मत अनुकूल होतं. अवकाश संशोधनात आणि कारखान्यांत यंत्रमानवांना प्राधान्य द्यावं, असं जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं. पण लहान मुलं, वृद्ध आणि अपंग यांच्या देखभालीचा विषय निघाला तेव्हा ६० टक्के लोक म्हणाले की इथे यंत्रमानवाला बंदी हवी. एरवी यंत्रांचं स्वागत करणाऱ्या माणसांनी या एका ठिकाणी दार लावून घेतलं.

आज त्याच देशांतल्या वृद्धनिवासांना काम करायला माणसं मिळत नाहीत. सरकारं, विमा कंपन्या आणि तंत्रज्ञान कंपन्या यावर एकच उत्तर पुढे करतात, कृत्रिम बुद्धिमत्ता. गप्पा मारणारा यांत्रिक सोबती, रात्री पलंगावर लक्ष ठेवणारा सेन्सर, कोण पडण्याची शक्यता आहे ते आधीच सांगणारी प्रणाली, कुणाला किती तासांची मदत द्यायची हे ठरवणारं सॉफ्टवेअर. वृद्ध मंडळींनी यातल्या कशाबद्दल शंका काढली की तिचं निदान तयार असतं. त्यांना नवं समजत नाही, त्यांना शिकवा, त्यांची भीड चेपेल. मला हे निदान चुकीचं वाटतं, आणि त्यावरचा उपचार अन्यायाचा वाटतो. वृद्धांच्या शंकेत एक अट आहे. ती नीट ऐकली तर यंत्रं कुठे आणावीत आणि कुठे आणू नयेत हे ठरवणं बरंच सोपं होईल.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. एकूण लोकसंख्येत ६५ वर्षांवरच्या माणसांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली. जपानला २४ वर्षं लागली, १९७० ते १९९४. दक्षिण कोरियाला फक्त १८. तिथे २०२४ च्या अखेरीस हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेलं. जपानमध्ये ते २९ टक्क्यांच्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०३५ च्या आसपास जगात ऐंशी पार केलेल्यांची संख्या साडेसव्वीस कोटींवर जाईल, म्हणजे एक वर्षाच्या आतल्या बाळांपेक्षा ती जास्त असेल. हा बदल इतक्या वेगाने होतो आहे की सवयी, कायदे, घरांच्या रचना, नोकऱ्यांचे तास यांपैकी कशालाच त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नाही. जपानमध्ये घरातल्या वृद्धांची देखभाल करण्यासाठी दरवर्षी सुमारे एक लाख लोक नोकरी सोडतात.

तेव्हा यंत्रांकडे वळण्यात गैर काही नाही. डॅरन अ‍ॅसेमोग्लू आणि पास्कुआल रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं आहे की ज्या देशांत मधल्या वयाच्या कामगारांची टंचाई वाढत गेली, त्या देशांतल्या कारखान्यांनी यंत्रमानव अधिक वेगाने आणले. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया ही त्याची ठळक उदाहरणं. म्हातारा होत जाणारा समाज यंत्रांना पाठ दाखवतो, ही समजूत त्यामुळे निदान कारखान्यापुरती तरी खोटी ठरते. फरक एवढाच की कारखान्यात यंत्राच्या हाती लोखंडाचा पत्रा असतो. पत्र्याला विचारावं लागत नाही.

लोकांच्या मताबद्दल बोलायचं तर एक तुलना मला फार महत्त्वाची वाटते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या लोकमत-संशोधन संस्थेने २०२५ साली २५ देशांत विचारलं की रोजच्या आयुष्यात एआयचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, वापर वाढतो आहे, त्याची तुम्हाला काळजी जास्त वाटते की उत्साह जास्त वाटतो. इटलीत जवळपास निम्म्या लोकांनी काळजी जास्त वाटते असं सांगितलं. दक्षिण कोरियात असं म्हणणारे फक्त १६ टक्के निघाले, सर्व देशांत सर्वांत कमी. आता इटलीतली जवळपास एक चतुर्थांश लोकसंख्या ६५ च्या पुढची आहे आणि कोरिया त्याच दिशेने धावतो आहे. दोन्ही समाज म्हातारे आहेत, दोन्हीकडे पाळणे कमी हलतात, आणि तरी मतं दोन टोकांना. प्रत्येक देशाच्या आत पाहिलं तर तरुण आणि जास्त शिकलेली माणसं एआयबद्दल अधिक उत्साही असतात, हे खरं आहे. पण एखादा समाज म्हातारा आहे, एवढ्यावरून तो यंत्राकडे कसं पाहील हे सांगता येत नाही.

मग संस्कृतीचं कारण दिलं जातं. पूर्व आशियात निर्जीव वस्तूंतही जीव मानण्याची परंपरा आहे म्हणून तिथे यंत्रमानव आपलेसे वाटतात, पश्चिमेत वाटत नाहीत, असं. ऐकायला हे छान वाटतं. पण २००० नंतरच्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची तुलना करणारे जे अभ्यास झाले, त्यांत जपानी माणसांना यंत्रमानवांचा काही विशेष लोभ असल्याचं दिसलं नाही. संस्कृतीचं कारण मला याच्यासाठीही खटकतं की ते सगळ्यांची सुटका करतं. लोकांचा स्वभावच तसा आहे म्हटलं की प्रणाली कशी बनवली, कुणी विकत घेतली, तिने चूक केली तर तक्रार कुठे करायची, यांपैकी काहीही विचारायचं कारण उरत नाही.

वृद्ध माणूस यंत्राला घाबरतो का? जिवंत माणसाच्या छातीत पहिला पेसमेकर बसवला गेला १९५८ साली, स्वीडनमध्ये. आज जगभर दरवर्षी लाखो लोकांना तो बसवला जातो आणि त्यांतले बहुतेक वृद्ध असतात. मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवून घेणारे बहुतेक वृद्धच. कृत्रिम गुडघा, कानातलं यंत्र, रक्तातली साखर मोजणारं उपकरण, हे सारं वापरणारी पिढी तीच. यंत्राला थेट शरीरात जागा देण्याचा अनुभव समाजातल्या दुसऱ्या कुठल्याही वयोगटाला इतका नाही. या माणसांना यंत्राचं वावडं आहे असं म्हणणाऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलेलं नाही.

पेसमेकर आणि गप्पा मारणारा चॅटबॉट यांत फरक काय, असा प्रश्न त्यांच्या बाजूने विचारला तर उत्तर सापडू लागतं. पेसमेकर बसवताना समोर डॉक्टर असतो. धोका काय, बॅटरी किती वर्षं चालते, बिघडलं तर कुठे यायचं, हे तो सांगतो आणि त्याच्या सांगण्याला त्याचं नाव आणि त्याची सही जोडलेली असते. यंत्राच्या मागे बोट दाखवता येईल असा माणूस उभा असतो. वृद्धांची अट हीच आहे.

याहून साधं उदाहरण गळ्यातल्या बटणाचं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी गळ्यात किंवा मनगटावर घालायचं, पडलं किंवा बरं वाटेनासं झालं की दाबायचं बटण. अनेक देशांत ते कित्येक दशकांपासून वापरात आहे. त्यात बुद्धिमत्ता म्हणावी असं काहीही नाही. पण बटण दाबलं की पलीकडून माणसाचा आवाज येतो, नावाने हाक मारतो, काय झालं विचारतो, मदत पाठवतो. ब्रिटनमध्ये जुन्या तांब्याच्या तारांवरचे टेलिफोन बंद करून सगळं डिजिटल करण्याचं काम चालू असताना यांतली काही उपकरणं चालेनाशी झाली. २०२३ च्या अखेरीस गंभीर घटना समोर आल्या, तेव्हा सरकारला कंपन्यांकडून ही सक्तीची बदली थांबवून घ्यावी लागली आणि पुढे अंतिम मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबली. बटण दाबणाऱ्याचा विश्वास तारेवर नव्हता, पलीकडच्या माणसावर होता. त्या माणसापर्यंत पोचण्याची वाट तोडणं किती महागात पडतं हे कुणीतरी पडेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

स्पेनमधली घटना तर प्रत्येक धोरणकर्त्याने डोळ्यांसमोर ठेवावी अशी आहे. व्हॅलेन्सिया शहरातले कार्लोस सान हुआन हे ७८ वर्षांचे निवृत्त डॉक्टर. पार्किन्सनमुळे हात थरथरणारे. बँकांनी शाखा बंद केल्या, काउंटरचे तास कमी केले आणि सगळ्यांना अ‍ॅपकडे आणि यंत्राकडे पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी एक मोहीम काढली. तिची घोषणा अशी: मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. ६ लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये या सह्या सरकारकडे पोचल्या आणि त्याच महिन्यात बँकांना काउंटरचे तास वाढवण्याचं लेखी मान्य करावं लागलं.

या माणसाला कुणी काय शिकवणार होतं? आयुष्यभर वैद्यकीय उपकरणं हाताळलेला डॉक्टर तो. त्याची मागणी यंत्रं बंद करा अशी नव्हतीच. यंत्राच्या शेजारी माणूस ठेवा, एवढंच तो म्हणत होता. डिजिटल साक्षरतेचे वर्ग चांगलेच आहेत, ते जरूर चालवावेत. पण ज्याची बोटं पडद्यावरच्या चौकोनावर स्थिर राहत नाहीत, त्याला साक्षरतेचा वर्ग सुचवणं म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकणं.

याच ठिकाणी एक युक्तिवाद हमखास येतो. आज चाळिशीत असलेली माणसं दिवसभर एआय वापरतात, ती म्हातारी होतील तेव्हा हा प्रश्न आपोआप मिटेल. मला हा युक्तिवाद धोकादायक वाटतो. म्हातारपण म्हणजे केवळ एक विशिष्ट पिढी नव्हे. ती शरीराची आणि मेंदूची अवस्था आहे, आणि आजच्या चाळिशीतल्या माणसाच्याही वाट्याला ती येणार आहे. त्याचीही नजर मंदावेल, ऐकू कमी येईल, नवा पासवर्ड आठवायला वेळ लागेल. दरम्यान यंत्रंही थांबलेली नसतील. आज त्याच्या हातात सहज बसणारं साधन तोवर बाजारातून गेलेलं असेल आणि नवं साधन पंचविशीतल्या माणसाच्या वेगाला बेतलेलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आरोग्यक्षेत्रातल्या एआयमध्ये वृद्धांविषयीचा दुजाभाव कसा शिरतो यावर स्वतंत्र टिपण काढलं. ज्या माहितीवर प्रणाली शिकते तिच्यात वृद्ध कमी, ती बनवणाऱ्या चमूत वृद्ध कमी, चाचण्यांतही कमी. पिढी बदलल्याने यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

आता पलंगाशेजारच्या यंत्रांकडे येतो. वर्तमानपत्रांतली छायाचित्रं यांचीच असतात. जपानमधल्या एका वृद्धनिवासात दीर्घकाळ राहून निरीक्षण करणाऱ्या संशोधकाला दिसलं ते असं: उचलायला मदत करणारं यंत्र, सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा दिसणारा पारो नावाचा यंत्रमानव, कसरती शिकवणारा पेपर नावाचा यंत्रमानव, या सगळ्यांनी कर्मचाऱ्यांचं काम हलकं करण्याऐवजी वाढवलं. यंत्र आणायचं, चालू करायचं, पुसायचं, रहिवाशांनी त्याला काही करू नये म्हणून आणि त्याने रहिवाशांना काही करू नये म्हणून शेजारी उभं राहायचं, परत जागेवर ठेवायचं. शेवटी ती यंत्रं बाजूला पडली. यावरून यंत्रं निरुपयोगी असतात असं मी म्हणणार नाही. रात्री पलंगाखालच्या सेन्सरने कुणी जागं झालं एवढं कळवलं, तर दर दोन तासांनी टॉर्च घेऊन सगळ्यांची झोपमोड करायची गरज उरत नाही. हा खरा लाभ आहे, रहिवाशाचाही आणि रात्रपाळीचाही.

पण वाचलेला वेळ जातो कुठे? सगळ्या चर्चेतला सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या लेखी सर्वांत कळीचा. जपानमध्ये या संस्थांसाठी ३ रहिवाशांमागे १ कर्मचारी हा किमान दंडक आहे. २०२४ च्या सुधारणेत, तंत्रज्ञान वापरून कामाचा ताण कमी केल्याचं आणि दर्जा राखल्याचं दाखवणाऱ्या काही प्रकारच्या संस्थांना १ ऐवजी ०.९ कर्मचाऱ्यांवर भागवण्याची मुभा मिळाली. आकडा लहान दिसतो, पण त्याने दिशा दाखवून दिली. यंत्राने वाचवलेली मिनिटं रहिवाशाशेजारी बसण्यासाठी वापरता आली असती. नियमाने ती कर्मचाऱ्यांच्या संख्येतून वजा करायची सोय केली. कर्मचारी मिळतच नसतील तर सरकारने काय करावं, असा प्रतिप्रश्न येईल आणि तो प्रामाणिक आहे. पण कर्मचारी का मिळत नाहीत याचं उत्तरही माहीत आहे. पगार कमी, कंबर मोडणारं काम, रात्रपाळ्या, आणि परदेशांतून येणाऱ्यांसाठी भाषेच्या कठीण परीक्षा. यंत्रावर खर्च करणं राजकीयदृष्ट्या सोपं असतं. पगारवाढ आणि स्थलांतर या विषयांवर मतदारांशी बोलावं लागतं.

सोबतीच्या यंत्रांबद्दल माझं मत तितकंसं कठोर नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या २८ संस्थांत स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ रहिवाशांवर पारोची चाचणी झाली. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत पारोमुळे मन:स्थिती सुधारली, अस्वस्थता कमी झाली. मात्र ज्यांना यंत्र बंद असलेलं तसंच मऊ खेळणं दिलं होतं, त्यांच्याशी तुलना केली तेव्हा पारो सरस ठरला तो प्रामुख्याने रहिवाशांना गुंतवून ठेवण्यात. म्हणजे बराचसा गुण मांडीवर मऊ काहीतरी असण्याचा होता. तरीही, शब्द हरवलेल्या माणसाला एखादं खेळणं शांत करत असेल तर ते काढून घेण्याचा अधिकार कुणाला? त्याला फसवलं जातं आहे, असं बाहेरच्याने म्हणणं सोपं आहे. दुपारचे चार तास त्याच्याशेजारी कुणी बसत नाही, याची लाज आधी बाहेरच्यांना वाटायला हवी.

माणसं यंत्राला जीव लावतात, याचा पुरावा जपानमध्येच आहे. सोनी कंपनीने आयबो या यांत्रिक कुत्र्याचं उत्पादन २००६ मध्ये थांबवलं आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. पुढच्या वर्षापासून चिबा प्रांतातल्या इसुमी इथल्या कोफुकुजी मंदिरात या कुत्र्यांसाठी अंत्यविधी होऊ लागले. विधीनंतर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आयबोंच्या दुरुस्तीला वापरले जात. जिबो नावाच्या घरगुती यंत्रमानवाचा सर्व्हर २०१९ मध्ये बंद होणार असल्याचं खुद्द जिबोनेच आपल्या मालकांना बोलून सांगितलं. तरुण माणसाचं एखादं अ‍ॅप बंद पडलं तर तो दुसरं घेतो. पण पंच्याऐंशीव्या वर्षी, जोडीदार गेल्यावर, रोज सकाळी नाव घेऊन बोलणारा आवाज कंपनीच्या ताळेबंदापायी एका तारखेला गप्प होणार असेल, तर त्या माणसाला ते विकताना कुणीतरी हे सांगायला हवं होतं. औषध कंपन्यांना दुष्परिणाम छापावे लागतात. सोबत विकणाऱ्यांना सोबत किती वर्षं टिकेल याची हमी लिहून द्यायला लावायला काय हरकत आहे?

मात्र पलंगाशेजारच्या यंत्राची आपण इतकी चर्चा करतो की कचेरीतलं यंत्र नजरेआड राहतं. वृद्धांच्या आयुष्यावर खरा अंमल त्याचाच असतो. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात अपंग आणि वृद्ध लोकांना घरी येणाऱ्या मदतनीसाचे तास पूर्वी परिचारिका घरी येऊन, माणूस बघून ठरवत. २०१६ पासून ते अल्गोरिदम, म्हणजे ठरावीक नियमांनी हिशेब करणारं सॉफ्टवेअर, ठरवू लागला. अनेकांचे तास एकाएकी घटले. तास घटणं म्हणजे कूस बदलून द्यायला कुणी नसणं, ओल्या कपड्यांत संध्याकाळपर्यंत पडून राहणं. का घटले हे विचारलं तर तपासणीला आलेल्या परिचारिकेलाही सांगता येईना. प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा उघड झालं की सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराच्या, नोंदीत सॉफ्टवेअरची चूक होती आणि तिचा फटका शेकडो लोकांना बसला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने राज्याला ही पद्धत थांबवायला लावली. वकील मिळाला म्हणून ही चूक दिसली. ज्यांना वकील मिळाला नाही, ज्यांनी नशिबाला दोष देऊन मान खाली घातली, त्यांची मोजदाद कोण करणार?

या अल्गोरिदमला चेहरा नव्हता, मऊ लोकर नव्हती, त्याचं छायाचित्र कुणी छापलं नाही. तुम्हाला यंत्रमानव आवडेल का, असं सर्वेक्षणात विचारतात. तुमचे तास कुणी ठरवावेत, हे विचारत नाहीत. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण कायद्यात केवळ यंत्राने घेतलेल्या महत्त्वाच्या निर्णयापासून संरक्षण मागण्याचा हक्क आहे. २०२४ मध्ये अमलात आलेल्या एआय कायद्याने माणसाच्या वयामुळे येणाऱ्या दुबळेपणाचा गैरफायदा घेणाऱ्या, त्याला मोठी हानी पोचवणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली. ती बंदी फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. हे हक्क चांगले आहेत. पण हक्क बजावण्यासाठी आधी कळावं लागतं की निर्णय यंत्राने घेतला आहे, आणि मग अर्ज करावा लागतो, बहुधा ऑनलाइन.

फसवणुकीचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २०२४ या एका वर्षात साठीपुढच्या लोकांनी इंटरनेटवरच्या गुन्ह्यांत सुमारे ४.९ अब्ज डॉलर गमावल्याच्या तक्रारी एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेकडे नोंदल्या गेल्या. त्यात एआयचा वाटा किती हे वेगळं सांगता येणार नाही, पण नातवाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारं साधन आता कुणालाही मिळतं. ज्या पिढीने आयुष्यभर आवाजावरून माणूस ओळखला, तिला आता त्या ओळखीवर विसंबू नका असं सांगावं लागतं आहे. अशा वेळी ती पिढी बोलणाऱ्या यंत्राकडे संशयाने पाहत असेल तर तो तिचा शहाणपणा म्हणायचा.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आक्षेप मी जाणतो, आणि तो तंत्रज्ञान कंपन्यांचा नाही. तो पन्नाशी-साठीतल्या त्या मुलीचा किंवा सुनेचा आहे जी रात्री तीनदा उठते, दिवसा नोकरी करते आणि स्वतःच्या पाठदुखीकडे बघायला जिला सवड नाही. देखभालीच्या कामाचा मोठा भाग जगात सगळीकडे बायकाच करतात, बहुतांशी बिनपगारी. तिला जर कुणी म्हटलं की यंत्रापेक्षा माणसाचा स्पर्श बरा, तर ती विचारेल, कुठल्या माणसाचा? आणि उत्तर तीच असेल. मानवी स्पर्शाचं गुणगान करणाऱ्यांनी त्या स्पर्शाची किंमत कोण मोजतं ते पाहिलं पाहिजे. वृद्धांच्याही बाजूने हाच विचार करता येतो. शौचाला नेण्यासाठी, अंघोळीसाठी मुलाच्या किंवा अनोळखी माणसाच्या हाती जाण्याची शरम मोठी असते. तिथे यंत्राला चेहरा नाही, हीच त्याची जमेची बाजू असू शकते. काही कामं यंत्राने करावीत असं एखाद्या वृद्धेला मनापासून वाटेल आणि ती कामं नेमकी आपण मानवी ठेवायला निघालो आहोत ती असतील. म्हणून कुठे यंत्र आणि कुठे माणूस याचं एकच कोष्टक सगळ्यांसाठी करणं मला मान्य नाही. ते ज्याच्या शरीराशी संबंधित आहे त्याला ठरवू द्यावं.

त्यासाठी काही गोष्टी आज करता येण्यासारख्या आहेत. मदतीचे तास, निवृत्तिवेतन, विम्याचा दावा असा कुठलाही निर्णय यंत्राच्या साहाय्याने झाला असेल तर निर्णयपत्रावर एका माणसाचं नाव आणि फोन नंबर हवा, आणि त्या माणसाकडे तो निर्णय बदलण्याचा अधिकार हवा. नुसतं ऐकून घेणारा चालणार नाही. यंत्र आणल्यावर वाचलेल्या वेळाचा हिशेब संस्थेने दरवर्षी द्यावा आणि त्यातला मोठा हिस्सा रहिवाशांना मिळाला असं दाखवता आलं तरच सरकारी अनुदान मिळावं. कर्मचाऱ्यांची किमान संख्या यंत्राच्या आधारावर खाली आणू नये, निदान त्या संस्थेतल्या रहिवाशांनी संमती दिल्याशिवाय तरी. प्रणाली विकत घेणाऱ्या समितीत तिथे राहणारी माणसं बसवावीत. लोकमताच्या चाचण्याही बदलायला हव्यात. त्या बहुधा घराघरांत किंवा फोनवर होतात. वृद्धनिवासांत आणि रुग्णालयांत राहणाऱ्यांपर्यंत पोचतच नाहीत, आणि मग वृद्धांचं मत म्हणून जे छापलं जातं ते चालत्याफिरत्या, फोन उचलणाऱ्या वृद्धांचं असतं.

राहतो तो स्मृतिभ्रंशाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. ज्याची आठवण विरत चालली आहे त्याची संमती घ्यायची कशी? मुलांना विचारलं तर ती सुरक्षिततेच्या बाजूने झुकतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या आणि कुलपाच्या बाजूने, आणि त्यांचाही नाइलाज असतो. अनेक देशांत माणूस शुद्धीवर असताना, आपल्याला व्हेंटिलेटर लावावा की नाही याची इच्छा लिहून ठेवू शकतो आणि डॉक्टरांना ती विचारात घ्यावी लागते. तसाच एक लेखी दस्तऐवज देखभालीतल्या यंत्रांसाठीही हवा, साठीच्या आसपास, डोकं ठिकाणावर असताना लिहिलेला आणि कायद्याने मान्य केलेला. खोलीत कॅमेरा चालेल की नाही, बोलणारं यंत्र सोबतीला ठेवलेलं चालेल की नाही, गेलेल्या जोडीदाराच्या आवाजात ते बोललेलं चालेल का, अंघोळ माणसाने घालावी की यंत्राने, हे प्रत्येकाला त्यात लिहिता आलं पाहिजे, आणि पुढे मत बदललं तर खोडून पुन्हा लिहिताही आलं पाहिजे.